जोर कुठल्या अक्षरावर

मिडेलवेन, ९ ऑक्टोबर

वेसेल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं, परत लिहिलं, शेवटी कागदच बदलला. तेव्हा सध्या नुसतंच वेसेल. राग मानू नकोस. म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त मानू नकोस.

पत्ता मार्येने दिला. आपल्या मावसबहिणीला तू ओळखतोसच, विचारलं एक की सांगते सात. तू बेटावर जाणाऱ्या बोटीवर आहेस, दोर बांधतोस, पोट सुटलंय, दाढी ठेवली आहेस, लग्नाचं नाव नाही. आणि जाता जाता म्हणाली, "बोटीवरच्या माईकला मात्र तो हात लावत नाही हं. काही झालं तरी नाही." माझं बिस्किट कॉफीत पडलं. ते विरघळून तळाशी गेलं तरी मी बघतच राहिले.

मी अजून 'वेनबोडे' पेपरातच आहे. बाबा छपाईचे खिळे जुळवायचे, मी मुद्रितं तपासते, एवढाच फरक. आठवड्याचे दोन दिवस. त्यातला अर्धा वेळ एकाच कामात जातो, ओळीच्या शेवटी न मावणारा शब्द कुठे तोडायचा ते ठरवण्यात. हसू नकोस. आपले शब्द केवढे लांब आणि आपल्या पेपरचे रकाने केवढे अरुंद, तुला ठाऊक आहे. पालिकेच्या एका नोटिशीत परवा एक शब्द तीन ओळी खाऊन बसला होता.

पण आता नवीन संगणक येतोय. फेन्ना म्हणून नवी संपादिका आहे, सत्तावीस वर्षांची, हुशार पोरगी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालते. ती म्हणाली, "अलाइडा, हे यंत्र शब्द आपोआप तोडतं. तुम्हाला आता त्रास नाही." मी म्हटलं, "मला त्रास कुठे होता?" तिचे कान लाल झाले. थोडक्यात, नवीन वर्षापासून मी घरी.

त्या रविवारबद्दल मी लिहिणार नाही. पंधरा वर्षं झाली. हे पत्र नुसतं खुशालीचं आहे.

तुझी बहीण,
अलाइडा


मिडेलवेन, ३० ऑक्टोबर

वेसेल,

उत्तर नाही. बरोबर आहे, मी प्रश्न कुठे विचारला होता?

आज वाटाण्याचं सूप केलं आणि बाबांचं टेबल आठवलं. ताटं वाढली की त्यांची परीक्षा सुरू. ते शब्द टाकायचे आणि आपण टेबलावर वाजवायचा. दर तुकड्याला एक बोट, आणि ज्यावर जोर त्याला मूठ. 'आर्बाइट्सओनखेस्खिक्टहाइट्सफेरझेकरिंग' आठवतो? कामाला निकामी ठरलेल्याला मिळणारा विमा. त्याचा उच्चार करता करताच माणूस कामाला निकामी व्हायचा! तू सात वर्षांचा होतास. दहा तुकडे अचूक वाजवलेस, आणि पहिल्यावर अशी मूठ आपटलीस की आईचं सूप तिच्या मांडीवर. आई ओरडली, आणि बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते.

"शब्द म्हणजे मालगाडी," बाबा म्हणायचे. "डबे कुठे जोडलेत ते बघा, आणि इंजिन कुठलं ते ओळखा. एवढं कळलं की गाडी रुळावरून घसरत नाही."

मला डबे दिसायचे. इंजिन तुला ऐकू यायचं. म्हणून तर मी कागदावर राहिले आणि तू गावच्या रेडिओवर गेलास. अग्निशमन केंद्राच्या वरची ती खोली, अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेल्या भिंती, आणि शनिवारी सकाळी दहाला तुझा आवाज. बातम्या मी टाइप करायची, तू वाचायचास. बायका भांडी घासायच्या थांबायच्या. तेव्हा मोठ्या केंद्रावरच्या तुझ्या नोकरीच्या मुलाखतीची तारीखही ठरली होती.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण विषय निघालाच आहे तर एवढंच. त्या शनिवारच्या कागदावर त्या एका शब्दात मध्ये जोडरेघ हवी होती. ती टाइप करायची राहून गेली. गडबड होती, उकाडा होता, सात आठवडे पावसाचा थेंब नव्हता. राहून गेली, बस.

चर्चच्या पंचांसमोर तू म्हणालास, "अलाइडाने जोडरेघ दिली नाही, चूक तिची आहे." तू खरं तेच बोललास. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मला फक्त एवढंच वाटतं, की महिन्याभराने बॅग उचलून निघालास तेव्हा मागच्या दाराने निघालास. बाबांच्या दफनाच्या दिवशीही तू माझा हात विमा एजंटाचा हलवावा तसा हलवलास आणि बसचं वेळापत्रक बघायला लागलास.

सूप जरा खारट झालंय. नाहीतर पाठवलं असतं असं लिहिणार होते. सूप टपालाने कसं पाठवतात देव जाणे.

अलाइडा


मिडेलवेन, ३ डिसेंबर

वेसेल,

हे पत्र खुशालीचंही नाही आणि जुन्या भानगडीचंही नाही. गावात एवढं काही घडलंय की ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इथे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनीच बघितलंय.

मागच्या आठवड्यात मला ताप आला. मी अंथरुणात, आणि फेन्नाने नवीन यंत्र चालू केलं. गुरुवारी अंक निघाला. पान चारवर हार्मेनची जाहिरात. तोच हार्मेन, कालव्याच्या पुलाजवळ भाजीचं दुकान, तुझ्या वर्गात होता, गणितात तुझं बघून लिहायचा. त्याला विकायचे होते चेरीएवढे छोटे टोमॅटो. शब्द लांब, रकाना अरुंद. तोडायचा होता चेरी आणि टोमॅटोच्या सांध्यावर, 'केर्स' इकडे आणि 'टोमाट्येस' तिकडे. यंत्राने काय केलं? पलीकडचा एक 'ट' ओढून अलीकडे चिकटवला. 'केर्स'चं झालं 'केर्स्ट', म्हणजे चेरीचा झाला नाताळ. आणि टोमॅटोचं डोकं उडाल्यावर खालच्या ओळीत उरल्या 'ओमाट्येस', म्हणजे आज्ज्या.

तर जाहिरात अशी:

"हार्मेनकडे नाताळच्या आज्ज्या! ताज्या, लालबुंद, दाबून बघा, अजून घट्ट. डबा अडीच युरो. पटकन नासतात, आजच घेऊन जा."

मी पलंगावर बसून वाचलं आणि ताप उतरला. शपथ.

हार्मेनने ऑफिसात फोन करून फेन्नाला एवढं झापलं की तिला रडूच कोसळलं. "लोक मला विचारतायत, आज्जी सोलून देता का म्हणून!" पण खरी गंमत शुक्रवारी. मी मफलर गुंडाळून बटाटे आणायला त्याच्याकडे गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोरचं. अकराच्या सुमाराला दाराची घंटा वाजली आणि आत शिरल्या क्रायेनब्रिंकबाई, कालव्याकाठच्या वृद्धाश्रमातल्या. वय एकोणनव्वद, डोक्यावर लाल गोंडेदार टोपी, हातात चाकांचा वॉकर, त्याला लाल फीत. त्यांच्या मागे आणखी सहा जणी. सगळ्यांना टोप्या. शेवटच्या बाईंनी गालाला लिपस्टिक फासली होती, 'लालबुंद' लिहिलंय म्हणून.

"नमस्कार, हार्मेन," क्रायेनब्रिंकबाई म्हणाल्या. "आम्ही आलो. डबे कुठे आहेत?"

"कसले डबे, बाई?"

"आम्हाला भरायचे डबे. अडीच युरोत किती जणी बसवतोस? ही आन्नेके जरा रुंद आहे, आधीच सांगते."

"बाई, ती छापायची चूक आहे हो. टोमॅटो होते ते, टोमॅटो!"

"म्हणजे आम्ही टोमॅटोपेक्षा कमी?" आन्नेकेबाई मागून म्हणाल्या. "मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलंय. टोमॅटोने काय शिकवलंय?"

"आणि 'दाबून बघा' हे कुणी लिहिलं?" क्रायेनब्रिंकबाईंनी आपला दंड पुढे केला. "बघ. दाब. घट्ट आहे की नाही?"

हार्मेनने माझ्याकडे बघितलं. सोडवा, अशा नजरेने. मी बटाट्यांकडे बघितलं. आज्ज्या सोडून दुकानात आम्ही अकरा जण होतो, त्यातले चार जण आधीच पोत्यांवर बसून हसत होते. शेवटी हार्मेनने काय करावं? त्याने हळूच त्यांचा दंड दाबला आणि गंभीरपणे म्हणाला, "उत्तम माल आहे. पण बाई, हा मी विकणार नाही. घरी ठेवणार." मग तो मागे गेला, सात खुर्च्या आणल्या, त्यांना खिडकीत ओळीने बसवलं, काचेवर खडूने लिहिलं: 'नाताळच्या आज्ज्या, फक्त बघण्यासाठी', आणि प्रत्येकीच्या हातात टोमॅटोचा एक डबा दिला. दुपारी दोनपर्यंत दुकानातले सगळे डबे संपले. लोक टोमॅटो घेत होते ते आज्जीच्या हातूनच, दुसरा चालत नव्हता.

मला तिथे एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. हे रेडिओवर तू वाचायला हवं होतंस. त्या शब्दात 'टो' वर जोर टाकायचा की 'ओ' वर, तो अर्धा श्वास कसा रोखायचा, हे या गावात आता कुणालाच येत नाही.

अलाइडा


मिडेलवेन, ७ डिसेंबर

प्रिय वेसेल,

लिहिलंच शेवटी. खोडणार नाही.

आधी बातमी. फेन्ना काल केक घेऊन घरी आली. म्हणाली, यंत्र राहील, पण छापायच्या आधी दर बुधवारी मी त्याचे कान धरायचे. मी म्हटलं विचार करते, आणि तिच्या हातातला केक घेऊन मोकळी झाले. दुसरं, रेडिओवाल्यांना आज्ज्या हव्या आहेत. शनिवारी सतराला, सकाळी दहाला, एक तास. त्या गाणार, गावाला शुभेच्छा देणार, आणि हार्मेनची ती जाहिरात जशी छापली तशी वाचली जाणार. वाचणारा कोण यावर परवा वृद्धाश्रमात वाद चालला होता, तर क्रायेनब्रिंकबाईंनी वॉकर आपटला.

"वेसेलला बोलवा. तो पलंगवाला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई, तो नाही येणार. त्या प्रकाराने त्याचं आयुष्य..."

"काय आयुष्य?" त्या म्हणाल्या. "इकडे ये, अलाइडा. बस. त्या उन्हाळ्यात माझा नवरा बेरेंट शेवटच्या आजारात होता. जूनपासून त्याचे ओठ हलले नव्हते. त्या शनिवारी रेडिओ चालू होता, आणि तुझ्या भावाने वाचलं, उद्या सकाळी दहा वाजता मोठ्या चर्चमध्ये पावसासाठी मालिशचा पलंग, सर्वांनी सहकुटुंब यावे, जागा पुरेशी आहे. बेरेंटने डोळे उघडले. म्हणाला, 'रोसिना, मला उचलून ने, मला चालेल.' आणि हसायला लागला. मी त्याच्या उशाशी डोकं ठेवून हसले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये 'आमेन'च्या वेळी जी पहिली फुटली ना, ती मी होते. माझ्यामागे अख्खा बाक फुटला. तुम्हा दोघांना पंचांनी बोलावलं आणि मी घाबरून गप्प बसले. ते मला टोचतं."

वेसेल, तेव्हापासून मी दोन दिवस स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतेय. एकोणनव्वद वर्षांच्या बाईने सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि मी अजून 'राहून गेली' म्हणून लिहितेय.

राहून गेली नव्हती. मी ती काढली. पहिल्या कागदावर जोडरेघ होती, 'मासा-गेबेड'. रेघ काढली तरी सगळीच अक्षरं तीच. पहिल्यावर जोर दिला की 'मासा' आणि 'गेबेड', सामुदायिक प्रार्थना; दुसऱ्यावर दिला की 'मासागे' आणि 'बेड', मालिशचा पलंग. मला ते दिसलं आणि आतून गुदगुल्या झाल्या. मनात म्हटलं, याला इंजिन ऐकू येतं ना, बघू या आता. मला वाटलं, तू एक क्षण अडशील, मला मनातल्या मनात शिवी देशील, नीट वाचशील, आणि खाली आलास की आपण जिन्यात बसून हसू. मी कागद फाडला आणि जोडरेघेशिवाय पुन्हा टाइप केला.

आणि तू पलंग वाचलास. मी खाली चहा करत होते. किटली हातातून सुटली.

त्यानंतर तुझी मुलाखत गेली, तू गेलास, आणि मार्ये म्हणते तू माईकला शिवत नाहीस. तुझा आवाज मी घालवला, वेसेल. सगळ्या गावाला वाटतं मी विसरले, आणि तुला वाटतं माझं चुकलं. दोन्ही खोटं. मी मुद्दाम केलं. बाबांनाही कधी सांगितलं नाही.

ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण सतरा तारखेला दहा वाजता त्या बायका उभ्या राहणार आहेत. उभ्या म्हणजे बसणार आहेत.

अलाइडा


फ्लीलांड, ११ डिसेंबर

अलाइडा,

तुझी चारही पत्रं आली. पहिलं मी जेवणाच्या डब्याखाली ठेवलं, दुसरं त्याच्याखाली. तिसरं इंजिनखोलीत मोठ्याने वाचलं, आणि आमचा मेकॅनिक हसता हसता तेलाच्या डब्यात बसला. चौथं एकट्याने वाचलं. दोनदा.

पहिली गोष्ट. मार्येचं काहीही ऐकत जाऊ नकोस. मी रोज चार वेळा माईकवर बोलतो. लाटा, वारा, गरम सूप, हरवलेली पोरं, सगळं मीच सांगतो. मार्ये आली होती त्या दिवशी माझा घसा बसला होता. दाढी आणि पोट मात्र खरं.

दुसरी. मुलाखत माझ्या हातून कुणी घालवली नाही. मी गेलोच नाही. त्या मोठ्या केंद्राच्या काचेच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत सगळ्यांनी टाय लावले होते.

तिसरी जरा अवघड आहे. सरळच लिहितो.

मला माहीत होतं. अलाइडा, तू सहा वर्षं मला बातम्या टाइप करून दिल्यास आणि त्यात एकदाही जोडरेघ चुकली नव्हती. कागद हातात घेतला तेव्हाच कळलं की ही तुझी खोडी आहे. आणि प्रार्थना आहे हे तर दारोदार पत्रकं लावून जाहीर झालं होतं! मी 'पावसासाठी' म्हटलं, तोंड उघडलं, काचेपलीकडे तो तंत्रज्ञ जांभई देत होता, सात आठवड्यांचा उकाडा, सगळं गाव तोंड पाडून बसलेलं. जीभ वळवळली. मी जोर दुसऱ्या अक्षरावर टाकला. मुद्दाम. चांगला रेटून टाकला. 'जागा पुरेशी आहे' हे तर तुझ्या कागदावर नव्हतंच. ते माझं.

मला वाटलं, लोक हसतील, संपेल. मग पंचांनी बोलावलं. आठ काळे कोट, मध्ये पाद्री, आणि तू माझ्या शेजारी. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. तू मान खाली घातलीस, एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, माझ्यासाठी गप्प बसलीस. तुला गायनवृंदातून काढलं. मी ते बघितलं आणि तरी बोललो नाही. पुढे रोज वाटायचं, आज सांगू. महिनाभर तुझ्या डोळ्यांत बघता येईना, तेव्हा बॅग भरली. राग वगैरे काही नव्हता. मागच्या दाराने गेलो, कारण पुढच्या खोलीत तू इस्त्री करत होतीस.

बाबांना मी सांगितलं होतं. ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात इथे येऊन राहिले तेव्हा. ते एवढे हसले की खोकला लागला, मग डोळे पुसले आणि म्हणाले, "अलाइडाला सांग." मी म्हटलं, सांगतो. आठ वर्षं लागली.

शनिवारी पहिल्या बोटीने निघालो तर दहापर्यंत पोचत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच येतो. पुढच्या दाराने. दार उघडलंस की आधी एक कानाखाली दे आणि मग कॉफी. कॉफीआधी मार खायची माझी तयारी आहे. नंतर नको, छातीत जळजळतं.

तुझा भाऊ,
वेसेल


मिडेलवेन, १३ डिसेंबर (पोस्टकार्ड)

हलकटा,

पंचांची यादी काढली. आठातले तीन अजून जिवंत आहेत. शनिवारी कार्यक्रम झाला की तिघांच्याही घरी जाऊन सांगायचं, दोघांनी मिळून. एक बहिरा झालाय, त्याला तू सांग, तुझा आवाज मोठा आहे.

क्रायेनब्रिंकबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच पंधरा वर्षं दोघांची कीव केली!"

पलंग घातलाय. झोपायचा.

अलाइडा